पायवाटेला सातबारा नसतो, म्हणून ती गिळायची का?

राजेहो, आज थोडं लांब लिहितो आहे. चहा घेऊन बसा.

सदरहून पायी निघून, जंगल आणि शेत पाहून, पुन्हा सदरलाच परत येता येतं, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? लिबर्टी टॉकीजपासून सुरुवात करा. राजभवनाची भिंत धरून सेमिनरी हिल्सचा चढ चढा. सागाच्या झाडांतून, बालोद्यान आणि जपानी गार्डनच्या बाजूने पुढे गेलं की उतार लागतो आणि खाली फुटाळा दिसतो. तलावाच्या कडेने तेलंगखेडीकडे वळा. तिथे कृषी विद्यापीठाची शेतं आहेत. मग लॉ कॉलेज चौक, महाराजबाग, आकाशवाणी चौक आणि परत सदर. सगळी मिळून नऊ-दहा किलोमीटरची फेरी होते. रमतगमत चाललं तर तीन तास.

वीस-बावीस लाखांच्या वर लोकसंख्या असलेल्या शहराच्या पोटात जंगल, तलाव आणि खरीखुरी शेती एका फेरीत पायाखाली येते, असं किती शहरांत होतं? आपल्याकडे होतं. पण ही फेरी कोणत्याही कागदावर नाही. त्यामुळे ती दर वर्षी थोडी थोडी कमी होते आहे आणि कोणालाच त्याचा जाब द्यावा लागत नाही. आजची पोस्ट याच्यावर आहे.

आधी या वाटेचे मालक कोण ते पाहू. टेकडीचा भाग वनविभागाचा. शेतं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची, म्हणजे मुख्यालय अकोल्याला. महाराजबागही त्यांच्याच कृषी महाविद्यालयाकडे. हे महाविद्यालय 1906 सालचं, विद्यापीठ झालं 1969 मध्ये. रस्ते आणि बगिचे कुठे महापालिकेचे, कुठे सुधार प्रन्यासचे, कुठे सार्वजनिक बांधकामचे. प्रत्येकाचा नकाशा वेगळा, प्रत्येकाचं कुंपण वेगळं, प्रत्येकाचं फाटक उघडायची वेळ वेगळी. आपापल्या तुकड्याचं संरक्षण करणं हे प्रत्येकाचं काम आहे, ते मान्य. पण तुकड्यांना जोडणारी जी वाट आहे, ती कोणाच्याच कामात येत नाही.

या वाटेचा काही कागद मिळतो का, हे विचारायला मी एका कार्यालयात गेलो होतो. नाव लिहीत नाही, कारण दुसरीकडे गेलो असतो तरी उत्तर तेच मिळालं असतं. साहेब म्हणाले, "रस्ता असेल तर आमच्याकडे, बाग असेल तर त्या टेबलावर. तुम्ही म्हणता ते दोन्ही नाही." बरोबर बोलले बिचारे! सरकारच्या लेखी पायवाट ही जातच नाही.

पण गावाकडे ती आहे, बरं का. मी काटोल आणि सावनेरला अनेक वर्षं बातमीदारी केली. तहसील कार्यालयात एक भांडण कधीच संपत नाही, ते म्हणजे पांदण रस्त्याचं. याने धुरा कोरला, त्याने तारा ओढल्या, तिसऱ्याची बैलबंडी अडली. त्या भांडणांतून एक गोष्ट शिकलो. गावाच्या नकाशावर वाटांना किंमत असते. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा रस्ता तुटक दुहेरी रेघेने दाखवतात. पायमार्ग तुटक एकेरी रेघेने दाखवतात आणि त्याची रुंदी धरतात सव्वाआठ फूट. सव्वाआठ फूट, राजेहो! इंग्रजांच्या मोजणीपासून चालत आलेली ही पद्धत आहे. नुसत्या पायी चालणाऱ्या माणसासाठी महसूल खात्याने सव्वाआठ फूट जागा मानलेली आहे.

कायदाही आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 पाहा. वहिवाटीच्या वाटेवर कोणी अडथळा केला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते आणि तो अडथळा काढायचा हुकूम देऊ शकतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 143 शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून वाट मिळवून देतं. मे 2025 मध्ये महसूल विभागाने शासन निर्णय काढला की शेतरस्ता किमान तीन ते चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कांत व्हावी. महसूलमंत्री चंद्रशेखर बावनकुळे आपल्याच जिल्ह्याचे. त्यांच्या खात्याने केलेलं हे काम चांगलं आहे, आणि चांगल्याला चांगलं म्हणायला माझी हरकत नाही.

माझा प्रश्न इथूनच सुरू होतो. शेतात जायच्या वाटेची नोंद होऊ शकते, तर शहरातल्या माणसाच्या वाटेची का नाही? तेलंगखेडी हाही एक मौजाच आहे ना? नागपूरकराच्या रजिस्ट्रीवर आजही मौजा लिहिलेला असतो. हे सगळं कधीकाळी शिवारच होतं. शहर वाढलं, नकाशे बदलले, गाड्यांचे रस्ते डीपी रोड झाले, त्यांना नंबर मिळाले, रुंदी मिळाली, नगरसेवकाच्या नावाची पाटी मिळाली. त्या गडबडीत पायमार्गाची तुटक रेघ मात्र पुसली गेली. कोणी मुद्दाम पुसली असंही मी म्हणत नाही. ती काढून ठेवायची गरज कोणाला वाटली नाही, एवढंच.

"अरे बावा, वाट कागदावर नसली तर काय बिघडतं? चाला ना, कोणी अडवलं?" असं म्हणणारे माझे मित्र आहेत. त्यांना दोन गोष्टी आठवून देतो.

पहिली भरतवनाची. भरतनगरला लागून असलेल्या त्या हिरव्या पट्ट्यातून रस्ता काढायचा घाट घातला गेला, तेव्हा आजूबाजूचे लोक रस्त्यावर उतरले. कोण लोक होते ते? रोज तिथे चालणारे, पाखरं पाहणारे, आपल्या खिडकीतून मोर पाहणारे. दुसरी गोष्ट अजनीची. इंटरमोडल स्टेशनसाठी अजनीची झाडं तोडायची वेळ आली, तेव्हा 2020-21 मध्ये पोट्टे-पोट्टी हातात फलक घेऊन उभे राहिले. झाडं तिथे वर्षानुवर्षं होती, पण "अजनी वन" हे नाव शहराच्या तोंडी बसलं ते त्या लढ्यात. पुण्याची वेताळ टेकडी घ्या. बालभारती ते पौड फाटा रस्त्याच्या विरोधात तिथे एवढे लोक उभे राहिले, कारण ते रोज सकाळी त्या टेकडीवर जातात. ज्या जागेवर माणसाचे पाय लागतात, तिच्यासाठीच माणूस भांडतो. जिथे फक्त कुंपण आहे आणि आत काय आहे हे कोणी पाहिलेलं नाही, तिथे एका सकाळी जेसीबी आला तरी शेजारच्या गल्लीला संध्याकाळी कळतं.

म्हणून मी म्हणतो की वाट बंद होणं ही फिरायला जाणाऱ्यांची तक्रार समजून सोडून देऊ नका. वाट बंद झाली की साक्षीदार संपतात. त्यानंतर ती जमीन फक्त फाइलमध्ये उरते. फाइलमधल्या जमिनीला "रिकामी जागा" म्हणायला किती वेळ लागतो, हे नागपूरकराला मी सांगायला नको.

"रिकामी" या शब्दावर जरा थांबतो. शहराच्या मधोमध शेती कशाला हवी, असं मोठ्या मोठ्या मंचांवरून आडून आडून बोललं जातं. भाव काय चालू आहे त्या जागेचा, हे बोलणाऱ्याच्या डोक्यात असतं. या शेतांवर शंभरेक वर्षं बियाणं तपासलं गेलं, विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडल्या. पावसाचं पाणी जिथे मुरतं अशा जागा शहरात किती उरल्या? 23 सप्टेंबर 2023 ची पहाट विसरलात का? अंबाझरी ओसंडली, नाग नदी घरात शिरली, अंबाझरी लेआउट आणि डागा लेआउटमध्ये लोक गच्चीवर चढले. त्या पहाटे आपण सगळे पाण्याने जागा मागताना पाहत होतो. आणि तरीही ज्या जमिनीवर अजून सिमेंट पडलेलं नाही, तिला आपण रिकामी म्हणतो.

आता जरा फुटाळ्याकडे या. भोसल्यांच्या काळातला तलाव. तिथे म्युझिकल फाउंटन आलं, बघायला मोठी गॅलरी आली. 2022 मध्ये चाचणीचे खेळ झाले. नंतर प्रकरण हायकोर्टातून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की फुटाळा मानवनिर्मित आहे, कायद्याच्या व्याख्येत बसणारी पाणथळ जागा नाही. याचिका करणारे हरले. पण त्याच निकालात कोर्टाने हेही सांगितलं की लोकांसाठी जपायच्या संपत्तीचं तत्त्व मानवनिर्मित जलाशयांनाही लागू होऊ शकतं. हे तत्त्व आपल्याकडे 1996 च्या एम. सी. मेहता विरुद्ध कमलनाथ या निकालापासून पक्कं झालं. सोप्या भाषेत, नदी, तलाव, जंगल यांचं सरकार मालक नसतं, विश्वस्त असतं. मालक आपण. मग मालकाला आपल्या मालमत्तेभोवती चालता तरी येऊ द्या!

कारंज्याला माझा विरोध नाही. पोरं खुश होतात, मीही उभा राहून पाहीन. पण एक गणित बघा. कारंजं पाहायला माणसाने एका जागी बसायचं असतं. चालायला त्याला दुसरं टोक लागतं, आणि ते टोक पुढच्या तुकड्यात, पुढच्या खात्यात असतं. एका जागेवर कोटींचा प्रकल्प करणं सोपं, कारण तिथे फीत कापता येते. चार खात्यांना एका टेबलावर बसवून दोन फाटकं उघडायला लावणं कठीण, कारण त्याला उद्घाटन नसतं.

आता हरकतींकडे येतो. कारण या विषयावर बोललं की त्या ठरलेल्या येतात.

एक, "बिबट्या येतो." येतो, खरंच येतो. 2021 च्या मे-जूनमध्ये एक बिबट्या आयटी पार्क-गायत्रीनगरच्या बाजूला दिसला आणि पुढे महाराजबागेच्या परिसरापर्यंत त्याचा माग लागला. वनविभागाची माणसं कॅमेरे लावून फिरत होती, सगळ्या शहराची झोप उडाली होती. पण त्या जनावराने काय दाखवून दिलं ते पाहा. हे हिरवे तुकडे अजून एकमेकांना जोडलेले आहेत, हे त्याला कोणत्याही आराखड्याशिवाय समजलं. सुरक्षेसाठी वेळ ठरवा. सकाळी उजाडल्यानंतर आणि संध्याकाळी अंधारापूर्वी. कुठे माग दिसला तर आठ दिवस बंद ठेवा. गोरेवाड्याचं 1,914 हेक्टरचं क्षेत्र सांभाळून तिथे सफारी चालवता येते, तर सेमिनरी हिल्सच्या एका पायवाटेची वेळ सांभाळता येत नाही का?

दोन, "शेतातल्या प्रयोगांचं नुकसान होईल." ही हरकत खरी आहे आणि मी ती हलक्यात घेत नाही. प्रयोगाच्या तुकड्यात कोणी शिरलं तर एका वर्षाची मेहनत जाते. म्हणून मागणी शेतातून जायची नाहीच. कडेच्या धुऱ्यावरून चार फुटांची वाट, दोन्ही बाजूंना कुंपण, ठरलेल्या दोन ठिकाणी फाटक, एवढंच. हेच विद्यापीठ अकोल्याला शेतकऱ्यांसाठी शिवारफेरी भरवतं. शेतकरी येतात, उभं पीक पाहतात, प्रश्न विचारतात. नागपूरच्या पोराला तूर कशी फुलते आणि हरभऱ्याला घाटे कसे लागतात, हे धुऱ्यावरून पाहू द्या. सदरमधल्या कोणत्याही शाळेतून ही शेतं तासाभराच्या चालीवर आहेत, आणि पोरं गव्हाचं चित्र पुस्तकात पाहतात!

तीन, "लोक घाण करतील, दारू पितील, प्रेमीयुगुलं बसतील." हे ऐकून मला हसू येतं. दारू प्यायला माणूस कुठे जातो? जिथे कोणी येत-जात नाही तिथे. रोज सकाळ-संध्याकाळ शंभर माणसं जाणाऱ्या वाटेवर बाटल्या कमी सापडतात. बायामाणसांना विचारा. त्या सांगतील की त्यांना भीती वाटते ती सुनसान जागेची. चार बाया, दोन आजोबा आणि एक कुत्र्याला फिरवणारा दिसला की जीव थोडा निवांत होतो. आणि दोघं जण झाडाखाली गप्पा मारत बसले, तर त्यात कोणाच्या तीर्थरूपांचं काय जातं?

चार, "जॉगिंग ट्रॅक आहेत ना, बगिचे आहेत ना." आहेत. बागेत तुम्ही गोल गोल फिरता, दहा फेऱ्या मारता, घड्याळात पावलं मोजता. ते व्यायाम म्हणून ठीक. पण त्यात तुम्ही कुठून कुठे गेला नाहीत. मी म्हणतो त्या फेरीत तुम्ही आपलं शहर पार करता. आणि उरलेल्या शहरात चालायचं म्हटलं तर सदरच्या उड्डाणपुलाखालून एकदा सायंकाळी सात वाजता चालून दाखवा. फुटपाथ कुठे सुरू होतो आणि दुकान कुठे संपतं, हे सांगणाऱ्याला माझ्याकडून सावजी रस्सा.

जगात हे कुठे झालंय का, असंही विचारतात. झालंय. 24 एप्रिल 1932 ला इंग्लंडात मँचेस्टरकडची कामगार वस्तीतली शेकडो पोरं किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर मुद्दाम घुसली. तो डोंगर जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवला होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. पण 1949 मध्ये तिथे कायदा आला आणि सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करायची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली गेली. 2000 मध्ये आणखी एक कायदा येऊन मोकळ्या माळरानावर फिरायचा हक्क मिळाला. आज तिथे शेताच्या मधून पायवाट जाते, शेतकरी पीक घेतो, फाटक उघडून लोक जातात आणि पुन्हा लावून घेतात. त्या लोकांनी आपल्या देशात येऊन मोजणी केली, नकाशे काढले. त्यांच्या घरी पायवाटेची रेघ टिकली आणि आपल्या शहरातली पुसली गेली.

आता मागण्या. मोघम लिहायची सवय नाही, म्हणून आकडे टाकून लिहितो.

1. सदर–सेमिनरी हिल्स–फुटाळा–तेलंगखेडी–महाराजबाग–सदर ही पायी फेरी शहर विकास आराखड्यात सार्वजनिक पायमार्ग म्हणून दाखवा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम 1966 मध्ये आराखड्यात खुल्या जागा, हरित पट्टे आणि निसर्ग राखीव क्षेत्रं दाखवायची सोय आहे. पायवाट दाखवल्याने आभाळ कोसळणार नाही.

2. वनविभाग, कृषी विद्यापीठ, महापालिका आणि सुधार प्रन्यास यांनी एकत्र बसून फाटकांची एकच वेळ ठरवावी आणि ती पाटीवर लिहावी. मराठीत.

3. वाट मातीचीच ठेवा. पेव्हर ब्लॉक नको, रंगीत दिवे नकोत, सेल्फी पॉइंट नको, फूड कोर्ट तर मुळीच नको. मुरूम टाका, पावसाळ्यात चिखल होतो तिथे दगड लावा, बाणाची पाटी लावा. संपलं काम.

4. सार्वजनिक पायमार्गावर तिकीट नको. आज पाच रुपये लावाल, उद्या ठेका द्याल, परवा ठेकेदार मला विचारेल की पास आहे का.

5. आणि या फेरीच्या आतली कोणतीही जमीन दुसऱ्या कामाला द्यायची असेल, तर आधी जाहीर करा, हरकती मागवा, सुनावणी घ्या. छोट्या टायपातली नोटीस कोपऱ्यात छापून मोकळं व्हायचं, हे चालणार नाही. मी पेपरात काम केलेला माणूस आहे, नोटीस कुठे लपवतात ते मला ठाऊक आहे.

या पाच मागण्यांत एकही उड्डाणपूल नाही, सल्लागार कंपनी नाही, डीपीआर नाही. खर्च म्हणाल तर एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा कमी येईल. कदाचित म्हणूनच ही मागणी आजवर कोणी पुढे केली नसावी. ज्या कामात टक्केवारी निघत नाही, ते काम आपल्याकडे निघत नाही. हे वाक्य कोणाला लागलं असेल तर लागू द्या.

मला माहीत आहे, काही जण म्हणतील, भाऊ, शहरात रोजगार नाही, बस वेळेवर येत नाही, आणि तुम्ही फिरायच्या वाटेचं काय घेऊन बसलात? उत्तर असं आहे. ज्याच्याकडे चारचाकी आहे तो सुट्टीत पेंचला जातो, ताडोब्याला जातो, जिप्सी बुक करतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्यासाठी हीच टेकडी पेंच आहे. गिट्टीखदानचा प्लंबर, मंगळवारी बाजारातला भाजीवाला, छावणीतली धुणीभांडी करणारी ताई यांनी आपल्या लेकराला जंगल दाखवायचं तर कुठे दाखवायचं? फुकटची, पायी जाता येणारी, घराजवळची जागा हीच त्यांची. श्रीमंताचं जंगल दूर असतं आणि ते राखलेलं असतं. गरिबाचं जंगल जवळ असतं, म्हणून त्यावर सगळ्यांचा डोळा असतो.

तर आता तुमचं काम. तुमच्या भागात अशी एखादी वाट होती का, जी आज भिंतीमागे गेली? दाभा, गोरेवाडा, झिंगाबाई टाकळी, हजारी पहाड, बोरगाव, कुठलीही. खाली लिहा. कुठून कुठे जात होती, कधीपासून बंद आहे, पूर्वी कोण कोण वापरायचं. जुना फोटो असेल तर टाका. घरात म्हातारं माणूस असेल तर त्यांना विचारा, आणि शक्य असेल तर त्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून ठेवा. तलाठ्याकडून गावनकाशाची प्रत काढता आली तर सोन्याहून पिवळं. तुटक एकेरी रेघ शोधा. मी सगळं एका नकाशावर मांडतो आणि तो नकाशा आराखड्याच्या हरकतींसोबत रीतसर आवक नंबर घेऊन देतो. पोचपावती इथेच टाकीन.

आणि पुढच्या वेळी तुमच्या दारात कोणी मत मागायला आला, तर त्याला पाणी द्या, बसवा आणि विचारा: "भाऊ, सदरहून फुटाळ्याला पायी कसं जायचं, सांगता का?" सांगता आलं नाही तर त्याच्यासोबत चालत जा आणि दाखवा.